इफिसात सलाम घ्यायला कोणी नव्हतं

प्रिय सुवार्ता,

सलाम. उद्या रविवार. उपासनेनंतर उभं राहून प्रवासाचं सांगा, असं पाळकसाहेबांनी बजावलंय. परत आल्यापासून सर्दीचं निमित्त करून टाळत होतो, आता सर्दीही पुरेना. काय सांगू, हे तुलाच विचारायला हवं, म्हणून लिहायला बसलोय.

या सहलीला दोघांची नावं नोंदवलीस आणि स्वतः मधेच निघून गेलीस! मी म्हणालो होतो, सगळं रद्द करतो. तर दवाखान्यातल्या खाटेवरूनही मला दटावलंस, "तुम्ही जायचं. नुसते फोटो काढत बसू नका. इफिसच्या मंडळीला आपला सलाम सांगायचा आणि त्यांचा घेऊन यायचा."

परगावच्या चर्चमध्ये गेलं की आपल्या मंडळीचा सलाम सांगितल्याशिवाय तू कधी खाली बसलीस? होटगीच्या त्या लग्नात तर नवरानवरी उभी असताना सोलापूरच्या मंडळीचा सलाम सांगायला उठलीस. मी शरमेनं मान खाली घातली होती. आता वाटतं, तेव्हा तुझ्याकडे बघायला हवं होतं.

तुर्कस्तानातल्या त्या इफिसात ऊन आपल्या मे महिन्यासारखंच. संगमरवरी रस्ता, पडलेले खांब, त्यांवर ऐसपैस झोपलेली मांजरं. बाप्तिस्म्याचं जुनं दगडी कुंड दाखवलं. आत उतरायला पायऱ्या आहेत, पाणी मात्र नाही. मी गाईडला विचारलं, "इथली मंडळी आता कुठं जमते?" ती पोरगी गोंधळली. म्हणाली, "सर, ती तर केव्हाच संपली."

सुवार्ता, संपली म्हणजे काय ग? शहर पडकं आहे हे आपल्याला ठाऊक होतं. पण शेजारी कुठंतरी चार बाकं, एक पेटी आणि माणसं असतील, असंच आपण धरून चाललो ना? जन्मभर बायबलात पौलानं त्यांना लिहिलेलं पत्र वाचलं. पत्र आहे म्हणजे पत्त्यावर कोणीतरी असणारच! आणि मी तर पोस्टात हयात घालवलेला माणूस. सहलीतली पुण्याची माणसं हसतील म्हणून तिथं तोंड उघडलं नाही. तिथल्या पाळकांसाठी तू घेतलेली चादर तशीच परत आणली.

तेव्हापासून झोप नीट नाही. ती माणसं एका दिवसात थोडीच गेली असतील? आधी कोणाचा मुलगा नोकरीला गेला असेल, मग आईबाप त्याच्याकडे गेले असतील. आपल्या चर्चमधली मागची बाकं रिकामी झाली, तेव्हा आपण काय म्हणालो? पोरं मार्गी लागली, देवाची कृपा! आपला संदीपसुद्धा रोज फोन करतो, "पप्पा, जुळे सोलापूरचा फ्लॅट विकू, इकडे या." खोटं कशाला बोलू, माझंही मन झालंय. तुझ्याविना हे घर खायला उठतं.

परवा भाजी घेताना मार्थाबाईंनी गाठलंच. "आवं, इफिसच्या मंडळीनं काय सलाम धाडलाय? सांगा की! लई दिवस झालं, वाट बगतुया आमी." मी घाई आहे म्हणून सटकलो. त्या म्हातारीला काय सांगायचं होतं? तू असतीस तर काय सांगितलं असतंस? की तूही गप्प झाली असतीस?

तुला हे कळायच्या आत नेलं, ही देवाची दया म्हणायची की माझी शिक्षा, कोण जाणे!

पण वचन देतो. उद्या उभा राहीन आणि पाहिलं तेच सांगेन. तिथं आपला सलाम घ्यायला कोणी नव्हतं, हे मार्थाबाईंच्या तोंडावर सांगेन. मग घरी येऊन संदीपला फोन करीन, की मी येत नाही. कधी कुठल्या परगावचा माणूस सलाम घेऊन आपल्या दारात आला, तर तो घ्यायला सोलापुरात कोणीतरी हवं.

तुझाच,
मधुकर