एक रिंग म्हणजे पोहोचलो

सोमवार, ७ नोव्हेंबर २००५
शिक्रापूरच्या खोलीत दोन महिने झाले. हे रोज दुपारच्या पाळीला रांजणगावला कंपनीत जातात. रस्त्याला ट्रकवर ट्रक. माहेरी राहू गावात असताना आप्पांनी मला घरीच अक्षरं शिकवली, तेव्हाच बजावलं होतं, वहीत खोटं लिहायचं नाही. म्हणून खरं लिहिते : मी आता घाबरत नाही. दोघांना मोबाइल आहेत. ठरलंय. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे ओव्हरटाइम. उचलायचा नाही.

बुधवार, ९. दुपारी ३.१०
रिंग आली. अगदी वेळेवर. अडीचपासून खिडकीशी उभी होते. घाबरले नव्हते, फक्त हात गार पडले होते. घरमालकीण सोजराबाई म्हणाल्या, "अगं, फोन हाय का तान्हं लेकरू? जरा खाली ठिव की!" रेंज खिडकीतच येते, त्यांना काय सांगणार.

शुक्रवार, ११
जेवताना हे कंपनीतली गंमत सांगत होते. मी नीट ऐकत होते. मध्ये दोनदाच चार्जिंग पाहिलं. यांनी गंमत अर्धीच सोडली. दमले असतील.
उद्यापासून जेवताना मोबाइल बघायचा नाही.

शनिवार, १२
बघितला. पण जेवण संपत आलं होतं.

सोमवार, १४. सायं. ६
मोबाइल वाजतच राहिला. चार रिंग, पाच रिंग. असं ठरलंच नव्हतं. ॲक्सिडेंट! उचलला. हेच. म्हणाले, चहाच्या सुट्टीत गेटवर आलो, "काय न्हाई, उगंच. बोलावं वाटलं." मी रागावले, उगाच लावत जाऊ नका, माझा जीव जातो. घरी आल्यावर बोलू म्हटलं.
आले आणि झोपले.

बुधवार, १६. दुपारी ३.१०
हे काल तापानं फणफणत आले. मोबाइल गेटवरच राहिला. तो आत नेऊ देत नाहीत, वॉचमनकडे ठेवावा लागतो. आज रजा. समोर खाटेवर झोपलेत.
आत्ता माझा मोबाइल वाजला. यांचं नाव. एक रिंग. पोहोचलो.
आधी यांना हात लावून पाहिला. अंग गरम. श्वास चालू. मग हलवून उठवलं.
म्हणाले, "शंभू आसंल, वॉचमन. त्याला सांगून ठिवलंय, तीनची बस आली की एक रिंग मार. मी इसरतो, आन् तू घाबरतीस."
कवापासनं, विचारलं.
"पयल्या आठवड्यापासनं."
म्हणजे आज हे दुसऱ्या गाडीनं गेले असते आणि ती उलटली असती, तरी रिंग आली असती. मी निर्धास्त भाकऱ्या थापत बसले असते.

गुरुवार, १७
ताप उतरला. जेवून झाल्यावर हे भिंतीला टेकून म्हणाले, "बोल आता. हितंच हाय मी."
दोन महिन्यांचं साठलेलं आठवून पाहिलं. पुष्कळ होतं. काही केल्या सुचेना. हे वाट बघत होते.
शेवटी विचारलं, जेवलात का?
ताट अजून समोरच होतं. मीच वाढलेलं.