पोट्टी काय बोलली त्याची वही

८ जुलै, अकोला
पोट्टी माही सख्खी नात, अन् तिच्याशी बोलाचं कसं हे मले तिच्या शाळेतली मॅडम शिकवते! मॅडमचं वय सव्वीस. मी चार लेकरं वाढवली, एकही मुकं निघालं नाही. असो. जयभीम.

तर श्रावस्ती. तिसरीत आहे. युनिफॉर्म घातला का पोट धरून बसते. डॉक्टर म्हणते पोटात काही नाही. मॅडम म्हणते मनात आहे. प्रेमानं विचारा, मंग चूप बसा, अन् पोट्टी काय बोलली ते रोज लिहा. सून माधवी नर्स आहे, तिची बदली अमरावतीले. पोरगा कुलदीपही तिथंच. इथं आम्ही दोघीच. माधवी म्हणे, पंधरा दिवसांत नाही बोलली तं तिले इकडं नेतो. न्या. मले काय, डोक्याचा ताप कमी. पण मी बोलती करतोच तिले.

९ जुलै
प्रेमानं विचारलं. काय होते व तुले? कोणी मारते का? नसन मारत. गणित जमत नाही? तुह्या बापाले बी नव्हतं जमत. भूक लागली असन, जेव.
नोंद: काही बोलली नाही. माह्याकडून कसर नाही.

१० जुलै
मॅडमले काय कळते. बेंबी सरकली आहे. पोट्टीले उताणी निजवलं, बेंबीवर पेटता दिवा ठेवला, वरून तांब्या उपडा. गच्च धरला. या गल्लीतल्या अर्ध्या बेंब्या म्याच जागेवर आणल्या. बरं वाटते ना, विचारलं. तांब्या निघेस्तोवर मान हालवत होती.
नोंद: बरी झाली.

११ जुलै
पोट दुखलं. दिवा लहान होता.

१४ जुलै
शेजारच्या शकीलाकडं ब्लाऊज शिवाले टाकला होता. आणाले गेली तं पोट्टी तिच्या मशीनीपाशी बसून भडाभडा बोलून राहिली! मले पाहिलं अन् बंद.
शकीलाले म्हटलं, काय जादू केली व? म्हणे, अम्मा, मैंने क्या किया? मुंह में पिना रहते, मैं तो कुछ बोलतीच नहीं. बरं, सांगत काय होती? म्हणे, वो तुमकोच बतायेगी.
बतायेगी म्हणे. मी का पाहुणी आहो?

१५ जुलै, दुपार
पिना धराले दात लागतात. माहे उरले तीन. म्हणून मिसरी घेतली, दोन्ही गाल भरले. पोट्टीपुढं तुरीची डाळ निवडाले टाकली अन् समोर बसली. तोंड उघडाची सोयच नव्हती.
अर्धी डाळ निवडून झाली. मंग डाळीत पाहूनच म्हणे, आजी, मले आईपाशी राहाचं आहे. पण मी गेली तं तू कोणाशी बोलशीन?
म्हणे, शाळेत बी हेच येते मनात, का तू घरी एकटीच बोलून राहिली असशीन. तवा पोट दुखते.
मी थुंकाले मोरीत गेली. मिसरी कडक होती, गरगरलं. जराक वेळ तिथंच बसली.
नोंद: बोलली. मॅडमले जमलं नाही ते म्या केलं.

२० जुलै, रविवार
कुलदीपले म्याच फोन करून बोलावलं, येऊन घेऊन गेला. पोट्टीनं एसटीत बसल्याबरोबर समोसा खाल्ला. पोटाचं नाव नाही. घर मोकळं झालं. बरं झालं.

२१ जुलै
आज तिच्या नव्या शाळेचा पहिला दिवस. फोन लावला. पोट्टीले विचारलं, कसं वाटलं? माधवी म्हणे, छान वाटलं आई तिले. मैत्रीण झाली का? कुलदीप म्हणे, झाली ना. डबा खाल्ला? उत्तर पुन्हा माधवीचंच. लेकराच्या तोंडातलं काढून दोघंही बोलतात. हे कोणाकडून शिकले काय माहीत.
उद्या सहा वाजता मी परत लावतो. कितीही वेळ लागो, मले इकडं काही काम नाही. उत्तर श्रावस्तीनंच द्याचं.