घागरीचा पोचा

मंगळवार, मे १९७६. धरमपेठ.

राग उतरत नाही. दुपारी बातमी घेऊन एका गावातून परतलो. बौद्ध वस्तीतल्या सुमनबाईंनी गावच्या विहिरीवर पाणी भरलं, म्हणून पाच-सहा जणांनी त्यांना काठ्यांनी झोडपलं. मग त्यांचीच पितळी घागर उचलून डोक्यात घातली. घागरीला पोचा पडला आहे, मूठ बसेल एवढा.

सुमनबाईंच्या कपाळाला पट्टी, एक डोळा मिटलेला. घागर माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "फोटो हिचा काढ गा भाऊ. माह्या तोंडाचा नको. तोंड बरं होऊन जाते."

आल्याआल्या दोन कॉलम लिहून दिले. आमचे संपादक नाना यांनी लाल पेन्सिल फिरवली. उरलं एवढंच: 'पाण्यावरून दोन गटांत मारामारी. एक महिला जखमी. परिस्थिती नियंत्रणात.' आमच्याकडे हा साचा तयारच असतो, फक्त गाव बदलायचं.

दोन गट? दुसरा कोणता? ती बाई आणि तिची घागर?

मी टेबलावर मूठ आपटली, दौत उलटली. नाना म्हणाले, "काहून पेटून राहिला गा? उद्या गावात दंगल झाली तर?"

झालीच आहे, नाना. एकतर्फी. असल्या बातम्यांच्याच मागे का धावतोस, हेही त्यांनी विचारलं. मी सांडलेली शाई पुसत राहिलो.

वर लिहिलं की पोचा मुठीएवढा आहे. चूक. मी मूठ घालून पाहिली होती, पोचा मोठा निघाला. तेव्हा सुमनबाईंनी घागर उचलली आणि तिचा पोचा कपाळावरच्या पट्टीवर टेकवला.

तंतोतंत बसला.