चाकाचं माप आणि बैलाचं

ताश्कंद, ३ मार्च

प्रिय अबरोरअका यांस,
सलाम वि. वि.

फोनवर तुम्ही ओरडता आणि मग ठेवून देता. म्हणून घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. मुकर्रम आत्याचा गुडघा गेला. पायाने चाक फिरवणं बंद झालं.
२. तुम्ही मला मोटर निवडून द्यायला सांगितलंत. मी चाकाचा व्यास आणि वजन विचारलं.
३. तुम्ही कळवलंत: तीस सेंटिमीटर, तीन किलो.
४. वर चार किलो माती धरली. दोन सेकंदांत चाक मिनिटाला एकशेवीस फेऱ्यांवर यावं असं धरलं. हात दाबल्यावर माती अडते तेही धरलं. चार न्यूटन-मीटर टॉर्क पुरेसा होता. तेवढीच मोटर पाठवली.
५. तुम्ही बटण दाबलंत. पट्टा घसरत राहिला, धुरकटला, तुटला आणि आत्याच्या मनगटावर बसला.
६. जमलेल्या गिऱ्हाइकांसमोर तुम्ही म्हणालात की पोरीच्या हिशेबावर विसंबलो तिथेच चुकलं. नवरोजनंतर आत्याने रंगवायला बसावं, चाकावर तुमचा मेहुणा बसेल.

पहिल्या पाच गोष्टी यंत्राच्या आहेत, त्यांचं कारण सापडेल. सहावी तुमची आहे. आत्याने आपल्या दोघा भावंडांना त्याच चाकावर माती धरायला शिकवलं. पट्टा तुटला म्हणून माणूस उठवतात का? मेहुण्याचे गुडघे ठणठणीत आहेत, मान्य. पण त्याने घडवलेल्या वाटीत चहा ओतला तर कुठल्या बाजूला जावं हे चहाला ठरवावं लागतं.

हिशेब मी तीनदा तपासला. तो बरोबर आहे. चाकाखाली काय चाललं होतं ते तुम्ही सांगा. आत्याचं मनगट कसं आहे तेही लिहा.

लोभ होता तसाच राहो. रागाचं तुमच्या उत्तरावर ठरेल.

तुमची,
मुहय्यो

———

रिश्तान, ८ मार्च

चि. मुहय्यो हिस,
सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे पोलिसांचा पंचनामा. घरच्यांना असं लिहितात का गं? पत्र मी जेवताना वाचलं, पुलाव गार झाला.

मनगटाची सूज उतरलीय. आज आठ मार्च, महिला दिन, म्हणून आत्याला ट्युलिप दिले. तिने ते रंगाच्या बरणीत खोचले आणि विचारलं, हे माझ्या जागेच्या बदल्यात का? तेव्हा माझ्यावर रागवणारी तू एकटी नाहीस.

आता चाक. तू चाकाचं माप विचारलंस, मी चाकाचं दिलं. माती ज्यावर ठेवतात ते चाक. पायाने ढकलायच्या खालच्या मोठ्या तबकडीला आजोबांपासून आपण बैलच म्हणतो. बैलाचं तू कुठे विचारलंस? तो आहे तसाच आहे: नव्वद सेंटिमीटर, साठ किलो. ताश्कंदला गेलीस आणि बैल विसरलीस, असं शेजारीसुद्धा म्हणतात.

मोटर बसवताना मी तो काढून ठेवणार होतो. आत्या म्हणाली, त्याला हात लावायचा नाही. बैलाशिवाय चाक हाताच्या प्रत्येक चुकीला लगेच हो म्हणतं. बैल असला की ते जरा थांबून ऐकतं. आता तूच सांग, मी कुणाचं ऐकायचं? नवरोजनंतर ऑर्डरी आहेत, चाक रिकामं ठेवता येत नाही. मेहुण्याच्या वाट्यांवर हसू नकोस, त्याची बायको अजून त्यातूनच पिते.

तब्येत जप, आणि भावावर माया ठेव, थोडी तरी.

अबरोर

———

ताश्कंद, ११ मार्च

प्रिय अबरोरअका यांस,
सलाम वि. वि.

बैल मी विसरले नाही. लहानपणी त्याच्या वाऱ्यात केस वाळवले आहेत. मोटर येते ती बैलाला सुट्टी द्यायला, असं मी धरलं होतं. तो जुंपलेलाच ठेवायचा ठरलं, तेव्हा ते मला कळवणं तुमचं काम होतं. शेजाऱ्यांना कळवलंत, मला नाही.

तबकडीचा फिरण्याला होणारा विरोध वजनाने वाढतो आणि त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे बैलाचा विरोध वरचं चाक आणि माती मिळून होणाऱ्या विरोधाच्या शंभरपटीहून जास्त आहे. दोन सेकंदांत त्याला वेगावर आणायचं तर अडतीस न्यूटन-मीटर लागतात. मोटर देते चार. पट्ट्याने दुसरं काय करायचं होतं?

दुकानदार तुम्हाला दसपट मोठी मोटर सुचवेल. घेऊ नका.

पहाटे आत्या चाक कसं सुरू करायची ते आठवा. माती हातात घेण्याआधी पायाने हळूहळू दहाबारा टोले, आणि बैल वेगावर आल्यावरच माती. पहिलाच टोला जोरात मारला म्हणून तुम्ही किती बोलणी खाल्लीत तेही आठवा. बैल दांडगाईने उठत नाही, ही अक्कल तुम्हाला पायाने चालवताना होती. बटण दाबताना कुठे गेली?

तोच हिशेब आता उलटा केला. टॉर्क चारच ठेवला आणि वेळ मोजला: वीस सेकंद. आसाच्या बैठकीचं घर्षण धरून तीस. एकदा वेगावर आला की मातीवरच्या हाताला तीच मोटर पुरते. जोर विकत घ्यायचा नाही, वेळ द्यायचा आहे.

तेव्हा नवा पट्टा घाला, त्यावर जाळी लावा. मोटरच्या डब्यावर वेग चढण्याचा वेळ ठरवणारी खुंटी आहे. ती दोनवरून तीसवर न्या. बैल वेगावर येईपर्यंत मातीला कुणी हात लावू नये. हे वाचून दाखवताना मेहुण्यालाही बोलवा, गिऱ्हाइकं असली तर उत्तम. पोरीचा हिशेब चुकला हे त्यांनी ऐकलं आहे, बाकीचंही ऐकू दे.

आत्याला माझा सलाम सांगा. बैलाबद्दल ती म्हणाली ते बरोबर आहे, आणि ते कागदावर मांडता येतं, हेही सांगा.

माया आहे, थोडी नाही. म्हणूनच इतकं लिहिलं.

एकोणीस मार्चपर्यंत दोन ओळींचं उत्तर पाठवा: चाक फिरलं का, आणि फिरलं तेव्हा त्यावर कोण बसलं होतं.

तुमची,
मुहय्यो