आर्मेनहाउसची पुढची भिंत

११ ऑक्टोबर २००४
बारा दारं, बारा धुराडी, मधोमध चॅपेल. कुणा जर्मन गिरणीवाल्यानं १८६८ मध्ये गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेलं हे आर्मेनहाउस. खिडक्या इतक्या उंच, की खुर्चीत बसलं की नुसतं आभाळ! छप्पर दिलं, रस्ता मात्र दिसू दिला नाही. संताप आला. आणि तरी काय देखणं आहे!

मालकांना ते पाडायचंय. पुढची भिंत मूळची आहे असं माझ्या पाहणीच्या अहवालात निघालं तर डेंकमालशुत्स, म्हणजे वारसा-वास्तूचं संरक्षण, मिळेल, मग कुणी हात लावू शकणार नाही. नाहीतर आतल्या नऊ जणांची रवानगी गावाबाहेरच्या हाइममध्ये, वृद्धाश्रमात.

१५ ऑक्टोबर
दगडांच्या सांध्यांत चुना नाही — सिमेंट! म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचं काम. दगडांच्या कडेला बारीक आकडेही कोरलेत. १४, १५, १६... दुसऱ्या कुठल्या पडक्या इमारतीचे दगड असणार. तेव्हा सर्रास आणत. म्हणजे भिंत मूळची नाहीच.

सात नंबरच्या फ्राउ केरर, वय ८१, दारातून म्हणाल्या, "बसा ना, कॉफी घ्या. या भिंतीचं सांगते." पुढच्या वेळी नक्की, म्हटलं. म्हाताऱ्यांच्या गोष्टी संपत नाहीत, आणि माझा उजेड चालला होता.

१९ ऑक्टोबर
यशोधनला विचारलं, "सिमेंटचं लिहिलंच नाही तर?"
"अगं, तू मोजायला गेलीयेस, वाचवायला नाही."
नवरा बरोबर बोलतो तेव्हा जास्तच राग येतो.

२२ ऑक्टोबर
खरं तेच लिहिलं. "भिंत युद्धोत्तर, दगड बाहेरचे." पाठवून दिलं. जेवण गेलं नाही.

३० नोव्हेंबर
संरक्षण नाकारलं. कारण म्हणून माझंच वाक्य, जसंच्या तसं.

८ मार्च २००५
पाडलं. मी बघायला गेले नाही. भित्री!

१३ मार्च
फ्राउ केररना भेटायला हाइममध्ये गेले. आठवा मजला, ही मोठी खिडकी, खाली अख्खा रस्ता. त्या तिकडे पाठ करून बसल्या होत्या. या वेळी कॉफी घेतली.

"आमचे आकडे दिसले का हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "बॉम्बच्या हादऱ्यानं भिंत कलली होती. सत्तेचाळीसमध्ये आम्ही चौघींनी एकेक दगड नंबर घालून उतरवला, आणि परत त्याच जागी बसवला. गेनाऊ, अगदी त्याच! बाहेरचा एकही नाही."

दिसले होते, म्हटलं.