स्वभाव शांत

प्रिय बेबीताई,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. त्याला भुलू नकोस, मी भांडायलाच बसली आहे. विषय तोच, तुझ्या नागपूरच्या मंडळाची ती वधू-वर परिचय पुस्तिका. फोनवर तू दोन मिनिटांत रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते, म्हणून कागद घेतला. पूर्ण वाच. मध्येच श्रीरंग भाऊजींच्या हातात देऊ नकोस.

एकोणीस वर्षं! मला न विचारता दर वर्षी माझं नाव छापून आणलंस. मी सत्तावीसची होती तेव्हा ठीक होतं. चाळिशी उलटली तरी फोटो तोच, भेडाघाटचा, तुझी मोरपंखी साडी नेसवून काढलेला, बाजूला भाऊजींचं अर्धं कोपर. आणि खाली काय? 'रेल्वेत नोकरी, गृहकृत्यदक्ष, स्वभाव शांत.' शांत! अगं, मदन महल स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर मी बसलेली दिसली की लोक शेजारच्या रांगेत जातात. कोणाला फसवून राहिली होतीस तू? अकोल्याच्या त्या विधुराला, ज्यानं पहिल्याच फोनवर विचारलं की लग्नानंतर त्याच्या आईलाही रेल्वेचा पास मिळेल काय? त्या दिवशी मी जेवली नव्हती. तुला कधी सांगितलं नाही.

खिडकीवर तुझ्यासारखे लोक रोज येतात. वेटिंग एकशे ब्याऐंशी. मी तोंडावर सांगते, भैया, नहीं होगा. तरी म्हणतात, आप टिकट काट दो मॅडम, देखेंगे. काहून देखेंगे? आकडा दिसत नाही काय डोळ्यांना? मला अशा लोकांचा भयंकर राग येतो. आणि त्यातलाच एखादा महिन्याभरानं परत येतो, दात काढून सांगतो की मॅडम, जादा डबा लगा था, हो गया था. त्याचा तर सगळ्यात जास्त येतो.

मागच्या दिवाळीत तुझ्याकडे जे झालं ते झालं. तुझ्या सासरच्या सगळ्यांसमोर मी ती पुस्तिका फाडली. शेहेचाळीसाव्या वर्षी माझा तमाशा बंद कर म्हणाली, पुन्हा नाव छापलंस तर तोंड पाहणार नाही म्हणाली. तू वाकून कागद गोळा केलेस आणि नुसतं 'बरं' म्हणालीस. मी माफी मागत नाही. चकल्या मात्र छान झाल्या होत्या, ते तेव्हा सांगायचं राहून गेलं.

आता काहून लिहून राहिली ते ऐक. परवा इथल्या मंडळात तुमची यंदाची पुस्तिका विकायला आली. मी घेतली. ऑफिसातल्या प्रणोतीच्या बहिणीसाठी पाहिजे, असं खोटं सांगून घेतली. घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता प्रौढ वधूंचं पान उघडलं. नाव नाही. मग सगळी पुस्तिका पाहिली, मुलांची पानंसुद्धा. कुठंच नाही. काहून काटलंस माझं नाव? मी म्हटलं म्हणून? एकोणीस वर्षं मी नाहीच म्हणत होती, तेव्हा ऐकलंस काय? कोणी मिळेल असं मला कधीच वाटलं नाही, ताई. पण तुला वाटतं, हे मला माहीत होतं, आणि त्याच भरवशावर मी खुशाल तुझ्यावर ओरडत होती. आता तुलाही वाटत नसेल तर मला फार भीती वाटते. सोबत नवीन फोटो आहे, काल नेपियर टाउनला जाऊन काढला. केस पांढरे आहेत, रंगवणार नाही. होळीनंतर पुरवणी निघते म्हणे, तिच्यात टाक. शेवटच्या पानावर का होईना, टाक. 'स्वभाव शांत' तेवढं खोडून दे.

तुझीच भांडखोर,
गीतांजली