काचेमागचं इष्टलिंग

प्रिय आई,

मावशीनं काचेवर भस्माची तीन बोटं ओढली आणि रखवालदार धावत आला.

“ओ आजी! काय करून राहिल्या? काचेला हात लावायचा न्हाई.”

“मंग उघड काच. ताईत म्हणून लिवलंय हितं. इष्टलिंग हाय ते! तुझ्या बापाला असं कुलपात ठेवला असतास का रे?”

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मारल्या गेलेल्यांचं हे नांदेडचं स्मारक-संग्रहालय. आज दुपारी तिथून आले, तेव्हापासून एका जागी बसवत नाही. म्हणून तुला लिहितेय.

तुझ्या वडिलांना, अण्णांना लिंगाशिवाय पुरलं, हे तू किती वेळा सांगितलंस! त्यांच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मारणाऱ्यांनी ओढून नेली. “हातात लिंग न्हाई, तर माणूस जायचा कसा?” असं म्हणायचीस. तू गेल्यावर तुला समाधीत बसवलं तेव्हा तुझ्या डाव्या तळहातावर तुझं लिंग आम्ही ठेवलं. तेव्हाही मला अण्णाच आठवत होते.

काचेमागचं लिंगही डबीतच आहे. अण्णांची डबी कशी होती गं? झाकण साधं की नक्षीचं? कडी एक की दोन? मावशी तेव्हा आजीच्या पोटात होती. तिनं बापच पाहिला नाही, डबी काय ओळखणार? ओळखणारी तू एकटी होतीस.

आणि तू आलीच नाहीस. दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी नांदेडला यायचीस. एकदा मी स्मारकाच्या दारात रिक्षासुद्धा थांबवली. “मला काय बघायचंय तिथं?” म्हणालीस आणि उतरली नाहीस. कशाची भीती होती तुला? ते तिथं असेल याची, की नसेल याची?

रखवालदार शेवटी नरमला. “लई जण येतात आजी. समदे म्हणतात, आमचंच हाय.”

“आमचं असंल, न्हाईतर दुसऱ्याचं,” मावशी म्हणाली. “इतकी वर्सं बिनपूजेचं पडलंय, त्याचं काय?”

मला मात्र कोणाचं ते कळायलाच हवं होतं. अजून हवं आहे.

‘ताईत’ लिहिलेली पाटी मी बदलून घेईन. ते लिंग मातीत जावं म्हणून जिथं बोलावं लागेल तिथं बोलेन. अण्णांचं नसलं तरी. हा शब्द देते.

तुझी,
सुनंदा

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय उघडताच मी आणि मावशी पुन्हा गेलो. संग्रहालयाचे साहेब यायच्या आत रखवालदारानं काचेचं कुलूप काढलं. मावशीनं लिंग तळहातावर घेऊन पूजा केली आणि परत दिलं. मग आम्ही घरी जायला अहमदपूरची एस.टी. धरली.